मुराळी कोण?

"बसा, बसा, उठू नका," डॉक्टर वाकचौरे म्हणाले आणि त्या बाईनं अर्धवट उचललेलं अंग पुन्हा खुर्चीत टाकलं. तिनं मला नमस्कार केला, पण चेहरा असा की जवळ गेलं तर चावेल.

आंबेखिंडीच्या सरकारी दवाखान्यामागं नुकताच रंग दिलेली एक बैठी इमारत होती. दारावर पाटी होती, 'माहेरवास केंद्र'. आत चार खाटा, त्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, उशाशी स्टीलचे तांबे, भिंतीवर पाळण्याचं चित्र. सगळं कसं जिथल्या तिथं. नव्हत्या त्या फक्त बायका.

"या चांगुणाबाई भांगरे, केंद्राच्या काळजीवाहक," डॉक्टरांनी ओळख करून दिली. "पूर्णवेळ इथंच हजर असतात."

"असते कशाची? बसवून ठिवलीय मला," बाई म्हणाली. "पंधरा दिस झालं, ही खुर्ची आन् म्या."

डॉक्टर कसनुसं हसले. तेवढ्यात दवाखान्यातून कुणीतरी हाक मारली, तेव्हा सुटल्यासारखे निघून गेले.

ही गोष्ट जुनी आहे. मी त्या काळी पुण्यात शासनाच्या एका मूल्यमापन कक्षात अधिकारी होते. इतर खात्यांनी राबवलेल्या योजना जागेवर जाऊन बघायच्या, ज्यांच्यासाठी त्या होत्या त्यांना चार प्रश्न विचारायचे आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. काम मला आवडायचं. त्रास एकच होता. आम्ही जिथं जाणार तिथं आमच्या आधी आमचा निरोप पोचलेला असे आणि दाखवायला बसवलेल्या मुलीसारखं सगळं गाव तोंड धुऊन, केस विंचरून समोर यायचं. त्यातून खरं काय ते काढायचं म्हणजे डोकेफोड.

माहेरवास योजना कागदावर तरी झकास होती. डोंगरातल्या वाड्यांना रस्ता नाही, बाळंतपण अडलं की बाईला खाली आणेपर्यंत उशीर होतो. तेव्हा दिवस भरत आले की तिनं आठवडाभर आधीच दवाखान्याशेजारी येऊन राहावं, जेवणखाण सरकारनं द्यावं. नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला वाटलं असणार, माहेर म्हटलं की बाया धावत येतील. पण जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांत खाटा ओस पडल्या होत्या. एकट्या आंबेखिंडीत वर्षभर त्या भरलेल्या होत्या. हे कसं जमलं ते शोधायला मला इथं धाडलं होतं, आणि इथंही खाटा रिकाम्याच.

"चांगुणाबाई, बायका कुठं आहेत?" मी विचारलं.

"आनायला गेलं तर येत्याल ना!"

"आणायला कशाला? आशाताई निरोप देतात, केंद्र कुठं आहे ते ठाऊक असतं..."

"मॅडम, तुमचं लगीन झालंय?"

"झालंय की."

"मंग माहेरी कशा जाता?"

"एस्टीनं," मी म्हणाले.

त्यावर ती पहिल्यांदा हसली. चेहऱ्यावरचा राग क्षणभर उतरला.

"आमच्यात बाय आपली आपन माहेरी निघाली तर लोक काय म्हनत्यात ठावं हाये का? भांडून चालली. न्हाई तर हाकलून दिली. माहेराहून मुराळी यावा लागतो. भाऊ म्हना, बाप म्हना, चुलता म्हना. त्यानं घरात यायचं, पानी प्यायचं, दोन घास खायचं, सासूला म्हनायचं का लेकीला न्यायला आलोय. मंग सासू धाडती, आन् पोर बी मान वर करून निघती. सरकारनं माहेर बांधलं, पन मुराळीच ठेवला न्हाई. कोन येईल सांगा?"

"मग वर्षभर खाटा कशा भरल्या?"

"म्या जात व्हते ना! ह्या हिथून. वाडीवर जायचं, त्यांच्यात जेवायचं, दुसऱ्या दिशी बाईला घिऊन उतरायचं. म्याच भाऊ आन् म्याच बाप."

इतकी साधी गोष्ट होती. ती प्रश्नावलीत कुठंच नव्हती, कारण प्रश्नावली तयार करणारे आम्ही सगळे एस्टीनं माहेरी जाणारे लोक. मला मनातून भलताच आनंद झाला. आमच्या धंद्यात असं काही हाती लागणं म्हणजे दिवाळी. पण चांगुणाबाईला माझ्या आनंदाशी काही देणंघेणं नव्हतं. ती खुर्चीच्या टोकावर येऊन बसली.

"वर कोंदणवाडीला हौसा हाये. नववा सरलाय तिचा. पयलं मूल आडवं आलं, घरातच गेलं. तिला म्या सांगून आलते, मंगळवारी न्यायला येते. मंगळवार गेला, बुधवार गेला. आज शुक्रवार उजाडला. पोर वाट बघून बसली आसंल."

"मग गेला का नाहीत?"

"तुमी येनार म्हून!" ती जवळजवळ ओरडलीच. "मागल्या खेपंला जिल्ह्याचं लोक आलं, तव्हा म्या वाडीवर व्हते. त्यांनी लिवलं, केंद्राला कुलूप. आता तुमी येस्तवर जागा सोडायची न्हाई म्हनून हुकूम. तुमी आज येनार, उद्या येनार, येनार, येनार... आलाच न्हाई."

हे खरं होतं. आमचा दौरा दोनदा पुढं ढकलला गेला होता, एकदा गाडी नव्हती म्हणून आणि एकदा साहेबांची बैठक होती म्हणून. पुण्यात बसून तारीख बदलताना इथं डोंगरावर कुणाचे दिवस भरत आलेत हे कुणाला कळणार?

मी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले. वाकचौरे वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"मॅडम, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? इतके दिवस मीच काणाडोळा करून तिला पाठवत होतो. त्या कुलपाच्या शेऱ्यानंतर मला नोटीस आली आणि तिला शेवटची ताकीद. मानधनावरची बाई आहे. उद्या उपसंचालक येतायत तुमच्याबरोबर पाहणीला. ती जागेवर दिसली नाही तर संध्याकाळपर्यंत घरी बसेल. मग पुढच्या हौसांना कोण आणणार? तुम्हीच सांगा. तुम्ही आदेश देता का? देत असाल तर आत्ता सोडतो."

मी कुठून आदेश देणार? मूल्यमापन करणाऱ्याला बघता येतं, विचारता येतं, लिहिता येतं. हे कर, ते करू नको असं शिपायालाही सांगता येत नाही. मी दवाखान्यातल्या फोनवरून पुण्याला आमच्या देवस्थळी साहेबांना गाठलं.

"अहो, तुम्ही फारच छान मुद्दा पकडलाय," साहेब खूश झाले. "मुराळी! वा! सविस्तर लिहा."

"लिहीन सर. पण आत्ता त्या बाईला जाऊ द्या म्हणून तुम्ही उपसंचालकांना एक फोन केलात तर..."

"छे, छे. असं करायचं नसतं. आपण थर्मामीटर आहोत. थर्मामीटर ताप मोजतो, औषध देत नाही. आपणच ढवळाढवळ केली तर निष्कर्षांना काय अर्थ राहील? बघा आणि लिहा."

मी फोन ठेवला. मग मला एक वाट सुचली. घरोघरी जाऊन मुलाखती घेणं हे तर माझ्या कामातच होतं. कोंदणवाडीला जायला मला कुणाची परवानगी नको होती.

चांगुणाबाईला मी सांगितलं, "मी जाते. मी होते तिची मुराळी."

तिनं मला चपलेपासून चष्म्यापर्यंत नीट बघितलं. मग ट्रंकेतून एक हिरवा खण आणि नारळ काढून माझ्या हातात दिला.

"पानी देत्याल, ते समदं प्या. चूळ भरून टाकू नका. ताटात वाढलेलं टाकू नका. आन् हातात कागद धरू नका," ती म्हणाली. तिच्या आवाजात फारशी आशा नव्हती.

आमचे चालक शौकतभाई गाडी जिथवर नेता येईल तिथवर घेऊन गेले. पुढं चढ होता. खण-नारळ पिशवीत घालून मी चढत राहिले. दम लागला, चप्पल दोनदा निसटली. वाडीत पोचले तेव्हा पहिल्याच घराच्या ओट्यावर एक मुलगी बसलेली दिसली. वय जेमतेम विशीचं. पोट पार खाली आलेलं. केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली आणि शेजारी फडक्यात बांधलेलं गाठोडं. नाव विचारायची गरजच पडली नाही.

घरातून तिची सासू आली. ठमाबाई. उंच, वाळकी, करडी बाई.

"चांगुणा न्हाई आली?" तिनं माझ्या मागं वाटेकडं बघत विचारलं.

"तिला कामावरून निघता येईना. मी आलेय हौसाला न्यायला. खाली गाडी उभी आहे."

ठमाबाईनं तांब्या आणून दिला. मी पाणी संपवलं. तिनं भाकरी आणि उडदाची आमटी वाढली, तीही संपवली. हौसा उंबऱ्याशी टेकून माझ्याकडं टक लावून बघत होती. मी खण आणि नारळ पुढं ठेवला. तो बघून मुलीचं तोंड उजळलं. मला वाटलं, जमलं.

"तुमी कोन हिच्या?" ठमाबाईनं शांतपणे विचारलं.

"मी पुण्याहून आलेय. केंद्राची पाहणी करायला."

"म्हंजी आज हिथं. आन् उद्या?"

"उद्या... उद्या परत पुण्याला."

ठमाबाई उठली. फडक्यानं भाकरीची टोपली झाकून ठेवली आणि मग माझ्यासमोर येऊन बसली.

"बाई, राग मानू नका. आमच्यात ज्यानं न्यायची, त्यानंच मागारी आनून घालायची. उद्या काय कमीजास्त झालं तर म्या कुनाच्या दारात जाऊन बसू? चांगुणाचं घर मला ठावं हाये. तिची आई, तिचा भाऊ, समदी ठावी हायती. तुमचं घर कुठं हुडकू?"

मी तिला दवाखाना समजावला, डॉक्टर समजावले, आडव्या मुलाची भीती घातली. शहाण्या माणसानं बोलावं ते सगळं बोलले. तिनं सगळं ऐकलं. तिचं एक मूठमाती दिलेलं नातवंड होतं, तिला भीती काय शिकवायची? पण तिचा प्रश्न बरोबर होता. आणून घालीन असं खोटं बोलता आलं असतं. तशी जीभ वळवळलीही. पण तिनं माझे डोळे बघितले असते आणि चांगुणाचाही शब्द गेला असता.

"आत्याबाई, जाऊ का?" हौसानं हळूच विचारलं.

"चांगुणा येती का न्हाई बघ," सासू म्हणाली. "तिनं जबान दिलीय."

निघताना हौसा ओट्याच्या कडेपर्यंत आली. "मावशीला म्हनावं, म्या तयार हाये," ती म्हणाली. मी मान हलवली. उतरताना मला रडू येत होतं आणि स्वतःच्या त्या रडण्याचाही राग येत होता, कारण त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

दिवस मावळल्यावर खाली येऊन चांगुणाबाईला मी सगळं सांगितलं. रात्री त्या उतारावरून भरल्या दिवसांची बाई आणणं शक्य नव्हतं. ती आत जाऊन चादरीच्या नसलेल्या सुरकुत्या काढत राहिली. उद्या उपसंचालकांची गाडी वळली की त्याच क्षणी हिला सोडायचं, असं मी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं. ते लगेच हो म्हणाले. शौकतभाईंना मी गाडी तोंड फिरवून उभी करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येणारे उपसंचालक दुपार कलली तेव्हा आले. वाटेत दोन ठिकाणी सत्कार होता. आल्यावर त्यांनी खाटा बघितल्या, तांबे बघितले, पाळण्याच्या चित्राचं कौतुक केलं. बायका नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले, सध्या कुणाचे दिवस भरत आलेले नाहीत. मी तोंड उघडलं, पण डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले. बोलले असते तर नोकरी गेली असती ती चांगुणाचीच.

"तुम्ही इथंच असता ना?" साहेबांनी तिला विचारलं.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "हिथंच असते. कुठं जाते म्या?"

"वा! अशी माणसं पाहिजेत खात्याला."

मग जेवणं झाली, पान झालं, फोटो झाला. साहेबांची गाडी वळली आणि चांगुणाबाई माझा हात धरून अक्षरशः पळत सुटली.

पण चढ चढावा लागलाच नाही. जिथं रस्ता संपतो तिथंच वाडीची माणसं समोरून उतरताना दिसली. बांबूला घोंगडी बांधून केलेली झोळी त्यांच्या खांद्यावर होती आणि मागं ठमाबाई अनवाणी. हौसाला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. चांगुणा झोळीवर वाकली. मुलीनं तिचं मनगट पकडलं.

"लय येळ केलास, मावशी," ती म्हणाली.

शौकतभाईंनी गाडी कशी हाकली ते त्यांचं त्यांना माहीत. डॉक्टरांनी हात टेकेपर्यंत प्रयत्न केले. हौसा वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

त्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर हौसाला आणून निजवलं तेव्हा ठमाबाई दारात उभी होती. तिनं आरडाओरडा केला नाही. चांगुणाला फक्त एवढंच विचारलं, "तुला कुनी धरून ठिवलं व्हतं गं?"

मी तिथंच होते, दोन हातांवर. चांगुणानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "चुकलं माझं, काकी," ती म्हणाली आणि हौसाच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळू लागली. तिनं चारचौघांत माझं नाव घेतलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर मला सोसायला सोपं गेलं असतं.

पुण्याला येऊन मी अहवाल लिहिला. मनापासून लिहिला. हौसाचं सगळं त्यात होतं, आमची वाट बघण्यात गेलेल्या पंधरा दिवसांसकट. देवस्थळी साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि लाल पेन हातात घेतलं.

"हे काढावं लागेल," ते म्हणाले. "ती बाई कळा सुरू होण्याआधी केंद्रात दाखल नव्हती. म्हणजे ती योजनेची लाभार्थी नाही. जी लाभार्थीच नाही तिचं मूल आपल्या अहवालात कसं येईल?"

"सर, लाभार्थी होऊ दिली नाही म्हणूनच तर ते मूल गेलं!"

"मला समजतंय हो. पण व्याख्या म्हणजे व्याख्या."

आम्ही तीन दिवस भांडलो. शेवटी छापून आलं ते असं, 'लाभार्थ्यांच्या अपत्यांमधील मृत्यू: निरंक'. त्याच्या खाली, 'काळजीवाहक मुख्यालयी उपस्थित: होय'. दोन्ही वाक्यं खरी होती. साहेबांनी माझी एक गोष्ट मात्र राखली. शिफारशींमधली पहिलीच शिफारस त्यांनी माझ्या शब्दांत, काना-मात्रा न बदलता ठेवली. बाईला घरी जाऊन मानानं घेऊन येणारा मुराळी हा या योजनेचा जीव आहे आणि काळजीवाहक बाईंना त्यासाठी केंद्र सोडून जायची मुभा द्यावी. बास, एवढं मान्य झालं तरी पुष्कळ, असं मी मनाला सांगितलं.

मान्य झालं. तेही एकमतानं. वर्षाअखेर आढावा बैठक झाली. अहवालावर काय कार्यवाही झाली ते खात्याचे संचालक स्वतः सांगत होते. पडद्यावर एक फोटो आला. गुलाबी रंगाची नवी कोरी जीप, बॉनेटवर झेंडूचा हार आणि दारावर मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिलेलं, 'मुराळी'.

"मूल्यमापन कक्षाचे विशेष आभार," संचालक म्हणाले. "स्थानिक भाषेतला किती गोड शब्द शोधून दिलात! प्रत्येक केंद्राला एक मुराळी दिला आहे."

मी उभी राहिले. "सर, आम्ही बाईंना जाऊ द्या असं म्हटलं होतं."

"तेच तर केलंय, मॅडम," ते प्रेमानं म्हणाले. "आता त्यांना जायची गरजच ठेवली नाही. गाडी जाईल. त्यांनी मुख्यालय सोडायचं नाही, असा वेगळा आदेशच काढलाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसात मला आंबेखिंडीहून फोन आला. आवाज ओळखायला वेळ लागला नाही.

"गाडी कशी आहे, चांगुणाबाई?" मी विचारलं.

"झ्याक हाये. वाडीखाली जाती, भोंगा वाजवती, मागारी येती."

"बायका?"

"भोंगा वाजला म्हून कोन पोर सासरहून निघंल, मॅडम? डायवर म्हनतो, गाडी सोडून खाली उतरायचा हुकूम न्हाई. मंग पानी कुनाला द्यायचं, ताट कुनाला वाढायचं?" मागं दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "हौसाला दिस गेल्यात. सातवा लागलाय. तिची सासू म्हनती, अवंदा चांगुणा दारात आली तर धाडीन, न्हाई तर न्हाई. मॅडम, तुमचं वर आयकत्यात. मला यकदा जाऊ द्या म्हनून लिवा की."

"मी लिहिलं होतं, चांगुणाबाई."

"व्हय," ती म्हणाली. "तव्हाच तर गाडी आली."